उभ्या फळ्या

पाली, ता. ६ मे १९३४

तीर्थरूप दादास,

मैनेचा नमस्कार. आम्ही इकडे बरी आहोत. आईचा खोकला अजून आहे. फणस यंदा खूप लागलाय, खायला माणूस नाही. चौथीनंतर तूच शाळा सोडवलीस, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

माजघराचं काम झालं. पावसात जमीन पाझरते, आईच्या अंथरुणाला ओल येते, म्हणून आबांनी मरायच्या आधी फणसाच्या लांब फळ्या काढून माळ्यावर सुकत ठेवलेल्या, त्याच घातल्या. धाकू सुताराने खाली वाशांचे तुकडे मांडले. वर फळ्या नुसत्या एकीला एक लावल्या, खिळा एकही नाही. पावसात लाकूड फुगतं, त्याला हलायला जागा लागते, म्हणून भिंतीपाशी बोटभर फट ठेवलीय.

फळ्या घालायच्या आधीच तुझा निरोप मुंबईहून आलेल्या भिकाजीने सांगितला. फळ्या मधून कापा, आडव्या घाला, मध्ये वीतभर जमीन उघडी ठेवा. धाकूकाका करवत घेऊन बसला पण. वहिनी मापाच्या दोरीचं एक टोक धरून होती. तिने विचारलं, "मध्ये उघडी कशाला गो, मैना?"

मला काय ठाऊक? भिकाजी खाली बघायला लागला. मग त्यानेच सांगितलं. तिथे घर दुभागायला कूड उभा राहणार. गणपतीला तू दुसरी बायको करून आणणार, आणि कुडापलीकडे वहिनीची वेगळी चूल.

वहिनी रडली नाही. दोरी पण सोडली नाही.

मी चार माणसांत बोलत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी बोलले.

"काका, फळ्या उभ्या घाला. कापू नका."

"दादा काय म्हणेल तुझा?"

"म्हणू दे."

"हिला तोंड आहे म्हणजे," असं म्हणत त्याने करवत पिशवीत टाकली.

आता फळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग जाते. मोकळ्या फळ्यांवर कूड टिकत नाही, लाकूड फुगलं की कलंडतो, असं काका सांगतो. जमिनीत रोवायचा तर आबांची एकेक फळी कापावी लागेल.

तू ये. तिलाही आण, तिच्यावर माझा राग नाही. दोघांना पाट मांडीन. चूल एकच आहे, वहिनीची, तिच्यावरचं जेवाल. पण करवत आणलीस तर मी फळ्यांवर बसलेली असेन. आई पण बसणार आहे, मी विचारलंय.

कमळावहिनीची नणंद,
मैना