कात्री

रविवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंडाला काही झालेलं नाही, ते जोरात चालू आहे. बाबा आता काठी न घेता गॅलरीपर्यंत जातात.

तू एकच प्रश्न विचारलास, त्याच्याकडे येतोच. आधी माझ्या कामाचं ऐक, कंटाळलीस तरी.

प्रोग्राम मध्येच अडला की त्याच्या पोटात काय चाललंय ते विचारायचं साधन म्हणजे डीबगर. माणसाने टाइप केलेली ओळ वाचून त्यातली नावं ओळखायची, हा भाग माझा. गंमत अशी, की प्रोग्राममधल्या एका तुकड्याला आपण साधं 'बेरीज' म्हणतो आणि मशीन त्याच्या पुढे फाइलचं नाव, मागे आकडे लावून भलतंच काहीतरी करून ठेवतं. परवा एकाने मशीनने केलेलं ते लांबलचक नाव जसंच्या तसं टाइप केलं. माझा शहाणा डीबगर म्हणतो, "असं कोणी नाही." अगं, बेरीज समोर बसलेली! दिवसभर डोकं खाजवलं आणि दुरुस्ती निघाली एवढीशी. नाही म्हणायच्या आधी नाव उलगडून बघायचं, बस.

तर बाबा. झटका आल्यापासून त्यांचे शब्द इकडचे तिकडे झालेत, हे आईने सांगितलंच असेल. पेपर हवा असला की 'चष्मा' म्हणतात. चहाला 'बशी'. आईला 'किल्ली', कारण दिवसभर ती तीच शोधत असते. मला 'वायर' म्हणतात. हस, हस.

आणि रोज संध्याकाळी कात्री मागतात. आईने मोठी दिली, मी छोटी दिली. काल चिडून त्यांनी ती फेकलीच.

"अहो, कात्रीच आहे ना ही! आणखी कुठली हवी?" आई म्हणाली.

बाबा दाराकडे बघत होते. म्हणाले, "कात्री... जेवली का?"

आईने कात्री उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

शिवणकामच करायचं तर या घरात पाय ठेवू नकोस, असं तुला तेच म्हणाले होते. मी तिथेच उभा होतो, विसरलेलो नाही. तू दुकान काढलंस, त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. त्यामुळे 'ये' म्हणायचा हक्क मला नाही, आणि म्हणतही नाही.

पण तू विचारलंस, बाबा कधी माझं नाव काढतात का? आईने फोनवर 'नाही' सांगितलं, तिला तसंच वाटत होतं. काढतात गं. रोज काढतात. आम्हालाच कळत नव्हतं.

आज संध्याकाळी परत विचारतील. काय सांगू, जेवली म्हणून सांगू, की येतेय म्हणून?

तुझा,
वायर