कापराची पुरचुंडी

नाशिकरोड, ऑगस्ट २००९

ती. मंजुषाताईंस,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. स्वाइन फ्लूसाठी तुम्ही भावाला पाठवलेली कापूर-वेलचीची पुरचुंडी हे गळ्यातून काढतच नाहीत. दारू सोडल्यापासून रोज दारातच माझ्यासमोर श्वास सोडायचे, मगच मी त्यांना आत घ्यायचे. आता तोंडाला मास्क आणि घरभर कापूर, मला वास कसला येणार? दारू सोडलेल्यांची मीटिंग शाळेत भरायची, तर फ्लूमुळे शाळाच बंद. देशीचं दुकान मात्र उघडं!

काल चिडून म्हटलं, "आधी मास्क काढा." तर म्हणाले, "नको गं, तुला लागण होईल."

ताई, शुद्धीत असताना तुमच्या भावाने माझी एवढी काळजी कधीच केली नव्हती.

तुमची वैतागलेली भावजय,
शुभांगी