माशांसाठी घेतलेला कॅमेरा

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांशी धाकट्या भावजयीचा नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे कसे आहेत, जिना चढवतो का, डोळ्यांत थेंब घालता की बाटली कपाटात ठेवून सगळा भार देवावर टाकता, ते कळवावं. (देव थेंब घालायला येत नाही, हे रोज जपाला बसणारी बाई तुम्हाला सांगते आहे.) फोनच केला असता, पण आमचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही. तेही बरंच म्हणा, एवढं सगळं फोनवर सांगितलं असतं तर बिल बघून मला अंथरूण धरावं लागलं असतं, आणि सध्या घरात एक आजारी पुरे आहे.

आजारी म्हणजे तुमचे भाऊ. घशात गाठ निघाली आहे आणि ती साधी नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ऑपरेशन. जीव वाचेल म्हणतात, आवाज मात्र कायमचा जाईल. डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढून समजावलं. हे त्या चित्राकडे बघून म्हणाले, "हा पेरू आहे का?" उभा जन्म फळबाजारात लिलाव पुकारण्यात गेला, माणसाला दुसरं काय दिसणार. डॉक्टर हसले नाहीत. मी हसले, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून बराच वेळ नाक पुसत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, त्या आवाजाने घरात काय उजेड पाडला. खरं आहे. बाजारात सगळा आवाज खर्च करून यायचे, घरी आल्यावर माझ्या वाट्याला "हं" आणि "मीठ" एवढेच दोन शब्द. जे काही बोलायचे ते टाकीतल्या माशांशी. (होय, तीच टाकी, तुमच्या आईचं शिवणयंत्र तुम्हाला न विचारता विकून आणलेली, जिच्यावरून तुम्ही या घराचा उंबरा सोडलात. मी त्यात कोणाचीच बाजू घेत नाही, मी फक्त तिची काच पुसते.) पण लेकीला सातवा महिना आहे, तिला प्रवास मना आहे, आणि जे बाळ येणार ते आजोबांचा आवाज कधीच ऐकणार नाही, हे माझ्या घशाखाली उतरेना. आमचा फोन बटणांचा, त्यात काही साठत नाही. म्हणून मनाशी ठरवलं की गुरुवारच्या आत यांचं चांगलं पोटभर बोलणं चित्रासकट धरून ठेवायचं. तोंडाने मात्र काही बोलले नाही, कारण मागितलं की हे देत नाहीत.

आणि वन्सं, त्याच आठवड्यात यांनी आपणहून कॅमेरा मागितला. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणाले, लहानसा, खिशात मावणारा हवा, पण माशाचा खवलान्‌खवला दिसेल इतक्या जवळून फोटो काढणारा. कशाला, तर मासा आजारी पडला की हे मासेवाल्याकडे जाऊन त्याच्या अंगावर डाग कुठे, कसा, शेपटी कशी झिजली, असं तासभर वर्णन करतात. "पुढे सांगणार कसं? फोटो दाखवीन." एवढं बोलून माशांना दाणे टाकायला उठले. त्यांना कॅमेरा हवा होता आवाज गेल्यानंतरसाठी, मला हवा होता आवाज जायच्या आधी. कॅमेरा एकच परवडणार होता.

दुकानदाराने दोन काढून ठेवले. एक अगदी नाकाला टेकवला तरी स्वच्छ फोटो काढणारा, पण आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा टिपणारा. दुसऱ्यात आवाज खणखणीत, पण वस्तू हातभर लांब हवी. मी आपली पुन्हा पुन्हा विचारते, आवाज कसा येतो, आवाज कसा येतो. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "काकू, मासे काय बोलणार आहेत?" यावर हे इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि रुमालाला जे लागलं ते बघून दुकानदाराने मुकाट्याने खुर्ची पुढे केली. त्यानंतर आमच्याशी कोणी घासाघीस केली नाही, मलाही जमली नाही. (आयुष्यात प्रथमच.) मग आतून एक तिसरा कॅमेरा आला, दोन्ही बऱ्यापैकी करणारा, कोणीतरी वापरून परत केलेला. तोच घेतला. हिशेबात कोणत्या खात्यावर घालावा हे कळेना, शेवटी औषधपाण्यात लिहिला.

घरी आल्यावर माहितीपुस्तक मी वाचलं, कारण हे म्हणाले, मॅट्रिक तू झालीस. त्यात बरंच काही आहे, कामाचं एवढंच की वरच्या चकतीवर फुलाचं चिन्ह असतं, त्यावर ठेवलं की जवळचे फोटो निघतात, आणि रिळाच्या चिन्हावर ठेवलं की आवाजासकट हलतं चित्र. फूल कशाला, मासा का नाही, असं हे विचारत होते. पहिल्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत मासा कमी आणि यांच्या मागे उभी, काचेत उमटलेली मीच जास्त, हातात लाटणं, चेहरा अशुभ. मग पुस्तकात उपाय सापडला, काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून कॅमेरा बाहेर काढायचा. घरात काळं कापड म्हणजे माझा जुना परकर. शेजारच्या शिवणवाल्या बाई यांच्या प्रकृतीची चौकशी करायला आल्या तेव्हा हे डोक्यावरून परकर पांघरून टाकीपुढे उकिडवे बसले होते. बाई दारातूनच परतल्या. आता जिन्यात भेटल्या की माझा दंड दाबतात आणि म्हणतात, गाठ डोक्यापर्यंत गेली वाटतं. मी खुलासा करत नाही, कसा करणार?

फोटो मात्र सुरेख आले. मुकादमाचा (तो जाड्या नारिंगी मासा, बाकीच्यांना दाण्याजवळ फिरकू देत नाही) तर डोळ्याभोवतीचं कडंसुद्धा दिसतं. माझं काम काही होईना. हे माशांशी बोलतात तेव्हा गुपचूप कॅमेरा टाकीच्या झाकणावर ठेवला, तर नंतर ऐकू आली ती हवेच्या पंपाची घरघर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी नवरा. दुसऱ्या दिवशी पंप बंद करून समोर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. बाळासाठी बोला म्हटलं. हे म्हणाले, "झालं का? पंप लाव. मासे गुदमरतील." आजोबांचा वारसा एवढाच.

मग परवा सहज माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं, की वन्संना कळवायला हवं. काय सांगू तुम्हाला. ताडकन उठून बसले आणि तुम्ही समोर असल्यासारखे सुरू झाले. शिवणयंत्र गंजलं होतं, ते कोणी वापरत नव्हतं, आईच्या आजारपणात पाय कोणी चेपले, आणि आलीस ती गादीवर बसून हुकूम सोडायला. जुना लिलावाचा आवाज, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मी धावत कॅमेरा आणला, बटण दाबलं, शेवटपर्यंत धरून उभी राहिले. पण चकती फुलावर होती. (हिला हात लावायचा नाही, अशी यांचीच ताकीद.) एवढ्या बोलण्यातून निघाला एकच फोटो, यांचं उघडं तोंड. दाढेतली चांदीसुद्धा दिसते. आवाज नाही.

असो. बाकी ठीक. मासे ठीक. तुमच्या गुडघ्यांसाठी रोज देवाला सांगते.

तुमची भावजय

ता. क. : खरं म्हणजे पत्र लिहिलं ते यासाठी की वन्सं, तुम्ही भांडायला या. चौकशीला आलात तर हे "हं" म्हणतील. दारातच शिवणयंत्र काढा, सोडू नका, मी कोपऱ्यात कॅमेरा धरून असेन, चकती नीट फिरवून. गुरुवारच्या आत या.

आणखी एक : वरचं सगळं लिहून झाल्यावर मी पत्र मुद्दाम टाकीवर ठेवलं, पंपाची वायर काढली आणि फडताळात कॅमेरा चालू ठेवून भाजी निवडायला बसले. यांनी पत्र वाचलं. मग जे बोलले ते सगळं आलं आहे, ठसक्यासकट, स्वच्छ. तेव्हा माझं काम झालं, तुम्ही यायची गरज उरली नाही. फक्त अडचण अशी, की त्यात बाळासाठी एक अक्षर नाही, सगळं तुम्हालाच आहे, आणि ते लहान मुलाच्या कानावर घालण्यासारखं मुळीच नाही. अगदी शेवटी तेवढं विचारलं आहे, "येणार आहे का ती?" उत्तर मला लिहून पाठवू नका, त्यांच्या तोंडावर द्या. गुरुवारनंतर भांडणात दर वेळी तुम्हीच जिंकाल, आणि तसं जिंकणं तुम्हाला सोसायचं नाही.