चंद्रीचा रिपोर्ट

सोलापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

सौ. जगदेवी वहिनी,

शरणु. अव्वाचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे म्हणायचं, इतकंच. प्रयोगशाळेत रोज चाळीस-पन्नास जनावरांच्या रक्ताच्या नळ्या येतात. घरी आलं की जेवायचाही कंटाळा येतो. फोनच केला असता, पण तुमचा फोन दादा स्पीकरवर टाकतो, आणि हे आधी तुम्हाला कळायला हवं.

आपली चंद्री गाय विकत नेणारे नातेपुत्याचे रामहरी परवा इथं प्रयोगशाळेत आले होते. चंद्री व्यायली. कालवड झाली. दिवस मोजले, तर आपल्याकडे भरवली होती तेव्हाचीच.

मे महिन्यात तुम्ही म्हणाला होता, "एकवीस दिवस झालं, उलटली न्हाय, परत माजावर आली न्हाय. तिनं धरलंय." दादा हसला होता. "तू काय डॉक्टर हायस व्हय? सिद्धू तपासंल की." मग डॉक्टरांनी काढलेलं रक्त तुम्हीच बर्फात घालून एसटीनं माझ्याकडे पाठवलंत.

आमच्या तपासणीत नळीत चमकणारं रसायन घालतात आणि यंत्र त्याचा उजेड मोजतं. हिशेब उलटा असतो. गाभण गाईचं संप्रेरक भरपूर, म्हणून उजेड कमी. उत्तर यंत्रच काढून देतं, पण दादाचे सारखे फोन येत होते. मी उत्तराची वाट न बघता नुसता उजेडाचा आकडा पाहिला. कमी होता. "रिकामी आहे," सांगून टाकलं. दमले होते, पण रोज हेच काम करते मी.

चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली, वहिनी. हे वाक्य लिहायला तीन कागद फाडले. मंगळवारी कळली, चंद्री रिकामी म्हणून शुक्रवारी विकली गेली. मधले दिवस फोन माझ्या पर्समध्येच होता. घरात शहाणी म्हणून मिरवणारी मी, मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही.

तेव्हापासून अव्वा तुम्हाला येता-जाता टोमणे मारते. संक्रांतीला म्हैस रेकत होती, माजावर आली का असं दादानं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मला काय कळतंय? सिद्धूला इचारा." आणि भांडी घासत राहिलात. मी तिथंच बसून तिळाची पोळी खात होते.

तुम्हाला कळतं, वहिनी. तुमचंच बरोबर होतं.

हे पत्र दादाला अव्वासमोर मोठ्यानं वाचायला लावा. मला पुन्हा घरी बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दादानं नाही.

नऊ महिने तुम्हाला खोटं पडू देणारी,
सिद्धेश्वरी