बिनआवाजाची बंदूक

आबा, तुमच्या मागं पूर्णेतलं आपलं बंदूक-दुरुस्तीचं दुकान मी अजून चालवते. जत्रा जवळ आल्या की फुगेवाले छर्र्याच्या बंदुका घेऊन येतात, पिकं उभी राहिली की शेतकरी येतात. तुमच्यासारखीच मी आधी स्प्रिंग पाहते, मग चामड्याचा वायसर तेलात भिजत घालते. एकदा मी स्प्रिंग शिकंज्यात न धरताच मागची पिन काढली होती. स्प्रिंग सुटते, माझ्या कानाजवळून जाते, वरच्या पत्र्यावर आदळते. तुम्ही ओरडत नाही. पत्र्याला पडलेला पोचा दाखवता आणि म्हणता, "हे तुझं कपाळ हाय असं समज." सांजच्याला तुमचा शिकंजा माझ्या हातात देता. "आता ह्यो तुझा."

गेल्या महिन्यात झरीकडचा एक मळेवाला आला. बंदूक नवीकोरी होती. "स्प्रिंग भारी टाका, ताकद लय वाढली पायजे. अन् आवाज व्हायला नको." कशासाठी, विचारलं तर म्हणाला, "वानरं लय तरास द्यायलीत." आबा, वानरं आवाजालाच पळतात. ज्याला वानरं हाकलायची असतात त्याला आवाज हवाच असतो. तो बंदूक ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी एक धनगर बाई आली. तिच्या कुत्र्याच्या मानेतून निघालेला छर्रा तिनं पदराची गाठ सोडून टेबलावर ठेवला. "ही कशाची गोळी हाय, बाई? कुत्रं वाचलं, पर माजी पोरं मेंढरांमागं असत्यात." त्यांचं बिऱ्हाड त्याच मळ्याला लागून असलेल्या पडीक रानात होतं. "मळेवाला रोज बांधावर येऊन उभा ऱ्हातो. बोलत काईच न्हाई. नुसता बघतो." कुत्रं वाचलं, म्हणून त्याला ताकद हवी होती. मी म्हटलं, आजच तिथून हला. "कुठं जावं? सगळीकडं पिकं उभी हायत," म्हणत ती गेली. छर्रा तिथंच राहिला.

दुपारी तो आला. "हे काम मी करणार न्हाई," मी म्हटलं. तो रागावला नाही. टेबलावरचा छर्रा त्यानं उचलला, बोटांत फिरवून पाहिला, खिशात घातला. "ती बाई आलती का इथं?" मी नाही म्हणाले. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. "बरं. दुसरीकडून करून घेतो," म्हणाला आणि बंदूक घेऊन गेला.

मी लगेच रिक्षा करून त्या रानात गेले, बाईला सारं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच पालं उतरवली आणि मेंढरं चारठाण्याच्या वाटेला लावली. बाईनं हात जोडले, पण तिची नजर माझ्यावर नव्हती, बांधावर होती. तो तिथं उभा होता. माझ्याकडं बघत होता.

तेव्हापासून मी अंधार पडायच्या आत शटर ओढते. घरी सांगते, आजकाल संध्याकाळचं गिऱ्हाईक येत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. गिऱ्हाईक येतं, आबा. मी भिते.