अकरा तारखेला बघू

१ सप्टेंबर २००८, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून हिंदी बातम्यांचं चॅनल बघणं बंद. कायमचं.

कारण लिहून ठेवतो. युरोपात जमिनीखाली मोठं मशीन बांधलंय, ते दहा तारखेला दुपारी चालू करणार, त्यातून ब्लॅक होल निघणार आणि पृथ्वी त्यात जाणार, असं तो चॅनलवाला ओरडून सांगतो. आणि मध्येच साबणाची जाहिरात. जग बुडणार असेल तर साबण कोणासाठी? म्हणजे यात कोणाचा तरी प्लॅन आहे. एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. पायरीवर पाय ठेवला की कळायचं, हा तिकीट काढणार की खिडकीबाहेर बघणार. मला कोणी फसवू शकत नाही.

सायं. ६.००
चॅनल लावलं. फक्त पुरावा गोळा करायला.

३ सप्टेंबर, बुधवार
गणपती बसले. मंडळाने शाळेतल्या विज्ञानाच्या सत्यशीला मॅडमना मांडवात बोलावलं. चौघांनी धोतर ताणून धरलं, मधे नारळ ठेवला, बाजूने गोट्या सोडल्या. गोट्या गेल्या नारळाकडे. जड वस्तूने स्पेस-टाइम असं वाकतं म्हणे. धोतर रखमाजीचं, नवं कोरं, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष धोतराकडे. शेवटी त्याने विचारलं, मॅडम, ते ऱ्हाऊ द्या, मूग तोडायचा का न्हाई? दहाला जाणारच आसंल तर खर्चा कशाला? मॅडम म्हणाल्या, तोडा, काही होणार नाही.

मग मी उठलो. म्हटलं, जाफराबाद ते भोकरदन अंतर रोज तेवढंच, पण बाजाराच्या दिवशी तासाचे दोन तास होतात. वेळ ताणली जाते हे मी एक्याऐंशी सालापासून बघतोय, त्यासाठी युरोप कशाला? लोक खूप हसले. कौतुकाने.

मॅडम मात्र अजिबात घाबरलेल्या नाहीत. डाऊट आहे. त्यांना आधीपासून काहीतरी माहीत असणार.

५ सप्टेंबर, शुक्रवार
प्लॅन सापडला! कडूबाचा आहे.

कडूबा माझा धाकटा भाऊ. मधे एकच भिंत, अकरा वर्षं बोलणं बंद. वाटणीत सगळं सुरळीत झालं होतं, राहिले होते महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे. मी म्हणालो जोडी थोरल्याकडे, तो म्हणाला धाकट्याकडे. शेवटी ज्येष्ठा मला, कनिष्ठा त्याला. तेव्हापासून दोन्ही घरी एक लक्ष्मी पितळेची, एक मातीची. पिंपळगाव रेणुकाईत असं दुसरं घर नाही. लोक हसतात. हसू देत.

आज दुपारी तो दारात उभा. म्हणे, भाऊ, टीव्हीवर दाखवून राह्यले, खरं-खोटं देवाला ठाऊक. औंदा दोघी बहिणींना एका जागी बसवू. तुमच्याच घरी. म्या कनिष्ठा आणून देतो. मला काही न्हाई पाहिजे.

काही नाही पाहिजे! असं म्हणणाऱ्याला मी सव्वीस वर्षांत हमखास विनातिकीट पकडलंय. दोघी एका जागी आल्या की विसर्जनाच्या दिवशी जोडी घेऊन हा पसार. मी शांतपणे सांगितलं, अकरा तारखेला बघू. म्हणे, महालक्ष्म्या परवा हायेत, भाऊ. म्हटलं, अकराला जग राहिलं आणि तुझं मन हेच राहिलं, तर मानीन. पाणी पिऊन गेला. तांब्या पालथा घालून गेला, आईच्या शिस्तीप्रमाणे.

बायको द्वारका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बायकांना राजकारण कळत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार
बंदोबस्त केला. ज्येष्ठेचा मुखवटा माझ्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत. कुलूप. किल्ली करगोट्याला. द्वारकाने विचारलं, मंग पाटावर काय मांडू, तुमची टोपी? शेवटी दोन्ही मातीच्या मांडल्या.

७ सप्टेंबर, रविवार
पूजन झालं. सोळा भाज्या. मीठ एकीतही नव्हतं. द्वारका रडत होती, कांद्यामुळे. आज कांदा चिरला नव्हता हे नंतर लक्षात आलं.

ती शेजारी जाऊन आली. म्हणे, कनिष्ठेच्या शेजारी त्यांनी मातीची बसवलीच न्हाई औंदा. पाट मोकळा ठेवलाय थोरलीसाठी. जाऊबाई दर घटकेला दाराकडं बघून राह्यली.

नाटक. बिलकुल बधायचं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. दु. १२.३०
द्वारका शेजारी गेली. म्हणे, जग बुडायचंच आसंल तर म्या माणसांत बसते.

मी शांत आहे. दाढी केली, स्वच्छ कपडे घातले. रोजचंच.

दु. १.०५
एकदम पंखा बंद, टीव्ही बंद! मी घाबरलो नाही. पेटी घेऊन बाजेखाली गेलो, कारण पेटीवर लक्ष ठेवायचं होतं. भिंतीपलीकडून कडूबाचा आवाज आला, भाऊ, हायसा का तिकडं? भाऊ?

मी उत्तर दिलं नाही. मी घरात आहे की नाही याचा अंदाज घेत असणार.

दु. १.४०
बुधवारी एक ते चार लोडशेडिंग असतं. माहीत होतंच.

११ सप्टेंबर, गुरुवार
जग आहे. मी म्हणालोच होतो.

सकाळपासून पेटी घेऊन ओट्यावर बसलो. आज येणारच. मोठ्या मनाने वागायचं, लगेच हो म्हणायचं नाही, एक चहा होऊ द्यायचा. नऊला कडूबा बैल घेऊन गेला. बाराला आला. दोनला परत गेला. तिन्ही वेळा सरळ पुढे बघून.

सायं. ५.३०
मीच जाऊन आलो. फक्त चेकिंगला. पेटी सोबत होती. त्याची बायको गोजरबाईने चहा दिला. चांगला होता. मी म्हटलं, कडूबा, आज अकरा तारीख. त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणे, भाऊ, तवा मला भ्या वाटलं म्हणून आल्तो. वाटलं, मरताना तरी भाऊ जवळ पाहिजे. आता भ्या न्हाई राह्यलं. अकरा वर्षं चाललं तसं चालू द्या.

मी पेटी उघडलीच नाही. उघडायला गेलोच नव्हतो. घरी आल्यावर बाजेवर बसून राहिलो. द्वारकाने विचारलं, काय म्हणाले भाऊजी? म्हटलं, मी जिंकलो.

२५ सप्टेंबर, गुरुवार
पेपरात आलंय की ते युरोपातलं मशीन बिघडलं. आता पुढच्या वर्षी चालू होणार.

शाळा सुटायच्या वेळी सत्यशीला मॅडमना जाऊन भेटलो. विचारलं, नक्की कधी? महालक्ष्म्यांच्या आधी होईल का? त्या म्हणाल्या, काका, तेव्हाही काही होणार नाही, तुम्ही घाबरू नका.

म्हटलं, मला माहीत आहे, मॅडम. फक्त कडूबाला सांगू नका.