दात धुताना आलेला रंग

बाबा, आज सकाळी एक म्हातारी तुमच्या जुन्या खुर्चीत बसली होती. दाढेचं रूट कॅनल होतं. मुळातली नळी धुऊन झाल्यावर मी कापूस टाकायला गेले, तर तिनं तो बघायला मागितला. कापूस पांढराच होता. म्हणाली, "रंग कसा नाई आला वं? तुह्या बाबाच्या हातानं तर लय रंग ये." मी कापूस डब्यात टाकला. आईला जाऊन थोडेच दिवस झालेत.

तो रंग मला लहानपणापासून माहीत आहे. शाळा सुटली की मी दवाखान्यात येऊन बसायची. आधी ब्लीचसारख्या उग्र वासाचं औषध, मग लगेच दुसरं, जंतू मारणारं, शेवटचं धुणं म्हणून. दोन्ही भेटली की नळीतून तपकिरी पाणी वर यायचं. तुम्ही ते कापसानं टिपून पेशंटसमोर धरायचात. "पाय, कशी घाण निघून राह्यली!" खाणीवरचा एक ड्रायव्हर हसत म्हणाला होता, "डॉक्टरसायेब, माह्या दातातूनबी कोळसा निघून राह्यला." तुम्हीही हसलात. आपल्या वणी गावात मग तुमच्या नावाला तो रंग चिकटलाच. आईची दाढ तुम्ही अशीच धुऊन भरली तेव्हा तिनं तो कापूस शेजारणीलासुद्धा दाखवला होता.

नागपूरला कॉलेजात मॅडमनी काचेच्या पट्टीवर दोन्ही औषधांचा एकेक थेंब एकत्र केला. तिथं दात नव्हता, घाण नव्हती, तरी तोच तपकिरी रंग. तो गाळ दाताच्या बारीक छिद्रांत बसतो, वरून भरलेला मसाला नीट धरत नाही, फट राहते आणि त्या फटीतून लाळ झिरपत जाते. सुट्टीत आले तेव्हा एकदा आई बाहेर गेली होती, तर जेवताना मी हे तुम्हाला सांगितलं, जरा तोऱ्यातच. तुमचा हात ताटातच थांबला. "चार बुकं शिकून मले शिकवून राह्यली काय? लोकं त्या रंगावर भरवसा ठेवतेत," एवढं बोलून तुम्ही उठलात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले तर ट्रेमध्ये निर्जंतुक पाण्याची बाटली होती. दोन औषधं एकमेकांना भेटू नयेत म्हणून तुम्ही मध्ये पाणी मारत होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात. मला तेव्हा तुमचा किती अभिमान वाटला होता!

पण आईला तुम्ही सांगितलं नाही. दाढ दुखत नव्हती, उगाच उघडायची नाही, हे मलाही पटतं. मीही उघडली नसती. पण तो रंग म्हणजे घाण नव्हती, एवढं एक वाक्य तिच्या कानावर घालायला काय जात होतं? मी सांगून तिनं मानलं नसतं; तुम्ही गेलात आणि ते वाक्य तुमच्याबरोबरच गेलं.

यंदा तिची तीच दाढ ठणकायला लागली आणि तिनं माझ्यापासून लपवलं. मी दाताची डॉक्टर, एकाच घरात राहणारी, आणि ती लवंग धरून बसलेली. गाल सुजला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "हवा लागली असन. तो दात तुह्या बाबानं धुतला हाय. रंग आलता त्याचा. तो कायले दुखन?" मी तोंड उघडायला सांगितलं, तर पदर लावून आत गेली. सूज गळ्यात उतरली, जीभ वर उचलली गेली, तेव्हा गाडीत घालून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग, आणि मागच्या सीटवर तिचा घरघरणारा श्वास. त्या गाळानंच ती गेली असं मी डॉक्टर म्हणून म्हणणार नाही. शुगर होती, वय होतं, असल्या भरलेल्या दाढा कित्येकांच्या जन्मभर टिकतात. पण ती थांबली ती त्या रंगाच्या भरवशावर, आणि याचा मला तुमच्यावर फार राग आहे, बाबा. भांडायला तुम्ही नाही, म्हणून हे लिहिते आहे. लिहून झालं की फाडून टाकीन.

गळ्यातला पू काढून धुवायच्या ऑपरेशनला आत नेताना तिनं माझं मनगट धरलं. धड बोलता येत नव्हतं. "धुतीन तवा... रंग येईन ना?" मी म्हणाले, "येईन, आई. बाबासारखाच येईन." तिनं हात सोडला. ती बाहेर आली नाही.

ते तिच्या समाधानासाठी बोलले, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगते, दार बंद झाल्यावर मी बाकावर बसून तेच मागत होते. रंग येऊ दे.